होतकरू लेखक आणि त्याचा पहिला वाचक

लोणंद हे गाव महाराष्ट्रास ठाऊक आहे ते कांद्याच्या बाजारासाठी आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामासाठी. वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव शोधू जाणाऱ्याची बहुधा निराशाच व्हावयाची. तथापि नीरेचे पात्र ओलांडून पालखी येथे विसावते, तेव्हा अक्षरओळख नसलेला वारकरीही शेकडो अभंग मुखोद्गत म्हणतो. या मुलखातील होतकरू कवीच्या कानास पहिले वळण लागले ते अशाच दिंड्यांतून. कानाचे काम असे परभारे झाले. परंतु हातास वळण कोणी लावावयाचे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून निघून लोणंदवरून जाणारा लोहमार्ग तयार झाला. वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड ही स्टेशने मागे टाकीत तो मिरजेस पोहोचतो. नवख्या माणसाचे लेखन मन लावून वाचावे आणि त्याचे गुणदोष त्याच्या तोंडावर सांगावे, हे काम करणारी माणसे या मार्गाच्या दोन्ही टोकांस आणि मध्यंतरीही होऊन गेली. सातारा-सांगलीकडील लेखनाची हकीकत त्यांच्यावाचून अपुरी राहील.

चाफळ येथे १८९९ साली जन्मलेले यशवंत दिनकर पेंढरकर शिक्षणासाठी सांगलीस राहिले. तेथे त्यांना साधुदासांचा, म्हणजे गोपाळ गोविंद मुजुमदार यांचा, सहवास लाभला. साधुदास जुन्या वळणाचे, पंडिती रचनेत रमणारे कवी. यशवंतांची पुढील कविता त्यांच्या वाटेने गेली नाही. गुरूची शैली शिष्याने उचललीच पाहिजे असे थोडेच आहे! शब्द तोलून घेण्याची सवय लागली, म्हणजे गुरूचे काम झाले.

हेच यशवंत पुढे पुण्यास गेले आणि १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात सामील झाले. साताऱ्याचे शंकर केशव कानेटकर, म्हणजे कवी गिरीश, तेथे होतेच. माधव जूलियन, श्री. बा. रानडे व मनोरमाबाई रानडे, माडखोलकर, घाटे अशी मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र जमत. नवी कविता वाचावयाची आणि इतरांनी तिची चिकित्सा करावयाची, असा तेथील क्रम होता. संग्रह काढावयास प्रकाशक मिळेना, तर मंडळाने स्वतःच पुस्तके काढली. कवीस टीका व छपाई या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत मिळाव्यात, ही सोय त्यापूर्वी मराठीत क्वचितच कोणास लाभली असेल.

अशा मंडळात एकमेकांची पाठ थोपटण्याचा दोष शिरणे अगदी स्वाभाविक होय, आणि तो आरोप रविकिरण मंडळावर झालाही. त्याचा सर्वांत तिखट समाचार केशवकुमारांनी, म्हणजे अत्र्यांनी, १९२५ साली ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहात घेतला. तो वाचून मंडळातील कवींस हसू आले असेल वा नसेल. परंतु आपली कोणती लकब वारंवार येऊन हास्यास्पद होते, हे कवीस दाखवून देणारा असा आरसा मित्रांच्या बैठकीत मिळणे कठीणच.

माधव जूलियन यांचे ऋण मात्र निराळ्या प्रकारचे आहे. त्यांनी १९२७ साली ‘छंदोरचना’ हा ग्रंथ लिहिला व १९३७ साली तो पुष्कळ वाढवून पुन्हा काढला. वृत्त, जाति आणि छंद यांची त्यात केलेली मांडणी पंडितांस उपयोगी पडलीच. पण ज्या खेड्यात कवितेचे दोष दाखविणारा कोणी नाही, तेथील मुलासही आपली ओळ कोठे लंगडते हे त्यावरून पडताळून पाहता येऊ लागले.

गद्य लिहिणाऱ्यास असा ग्रंथ नव्हता. त्यास संपादकच गाठावा लागे. कुंडलच्या माळावर, औंध संस्थानच्या हद्दीत, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. तेथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. नांगर व चरक करणाऱ्या कारखान्याने मासिक काढावे, याचे त्या वेळी अनेकांस नवल वाटले असावे. शंकरराव मूळचे चित्रकार. भारदस्त शब्दापेक्षा स्पष्ट रेषा त्यांस अधिक प्रिय. पुढे नावातील ‘खबर’ गळाली, १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ निघाले, आणि एका आडस्टेशनावरून तीन मासिके घरोघर जाऊ लागली. ना. धों. ताम्हनकरांनी तेथे संपादनकार्य करता करताच ‘दाजी’ हे विनोदी पात्र रंगविले. घरकामातून वेळ काढून लिहिणाऱ्या स्त्रियांस तर ‘स्त्री’मुळे हक्काचे दालन लाभले.

मासिकांच्या कचेरीचे नियम त्या काळी सर्वत्र सारखेच असत: कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य लिहावे, समास सोडावा, स्वतःपाशी नक्कल ठेवावी, परतीचे टपाल हशील जोडावे. हे नियम रुक्ष खरे, परंतु त्यांत पुष्कळ शहाणपण भरलेले आहे. नक्कल करावयास बसलेला लेखक आपले लिखाण दुसऱ्यांदा वाचतो, आणि त्यातील निम्मे दोष त्या वेळीच त्याच्या ध्यानी येतात. ‘साभार परत’ या दोन शब्दांनी किती तरुणांची उमेद खचली असेल याची गणती नाही. त्या दोन शब्दांखाली संपादकाने एका ओळीत कारण लिहिले, तर तोच कागद धडा होई. न लिहिले, तर नुसता अपमान उरे.

नक्कल करण्याचा दुसरा एक प्रकार गजानन दिगंबर माडगूळकरांच्या वाट्यास आला. शेटफळे येथे १९१९ साली जन्मलेला हा मुलगा औंधास शिकला, गणिताने अडविल्यामुळे मॅट्रिक होऊ शकला नाही, आणि पोटासाठी कोल्हापुरास गेला. दृष्टी अधू असल्याने वि. स. खांडेकरांस लेखनिक लागे. ते काम माडगूळकरांनी काही काळ केले. मोठ्या लेखकाचे वाक्य मनात कसे जुळते, कोठे अडते, कोणता शब्द खोडला जातो, हे छापील पुस्तकात कधी दिसत नाही. लेखनिकास ते रोज दिसते, आणि शिवाय त्याबद्दल वेतन मिळते! दुष्काळी माणदेशातून आलेल्या तरुणास या दुसऱ्या गोष्टीचे मोल पहिलीहून कमी नव्हते.

पुढे १९५५ साली पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी माडगूळकरांकडून ‘गीतरामायण’ लिहवून घेण्याचे ठरविले. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून आठवड्यास एक याप्रमाणे नवे गीत हवे होते. सुधीर फडक्यांची चाल, गायकांची तालीम आणि प्रक्षेपणाची घटका कवीसाठी खोळंबणारी नव्हती. अशा रीतीने वर्षभरात छप्पन्न गीते लिहून झाली.