मुक्त संगणक प्रणालीचे मराठीकरण : परिभाषेचा इतिहास आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांचा सहभाग

प्रस्तावना

संगणक सुरू करताच पडद्यावर जे शब्द दिसतात, ते कोणी ठरविले, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो भाषेच्या आणि शिक्षणाच्या इतिहासाचा प्रश्न आहे. लिनक्सवर आधारित मुक्त संगणक प्रणालींचे मराठीकरण ही मागील पाव शतकातील घटना असून, तीत पगारी तज्ज्ञांबरोबर विद्यार्थी, शिक्षक व हौशी कार्यकर्ते यांचाही वाटा राहिला आहे. प्रस्तुत निबंधात या कार्याचा ऐतिहासिक आढावा घेऊन नांदेड व लातूर परिसरातील महाविद्यालयांना त्यात सहभागी होण्याचा मार्ग कोणता, याचा विचार केला आहे.

परिभाषा : दरबारापासून शासनापर्यंत

मराठवाड्याला परिभाषेचा प्रश्न नवा नाही. हैदराबाद संस्थानात १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. १९१७ मध्ये हैदराबादेत 'दारुल तर्जुमा' हे भाषांतर केंद्र स्थापन झाले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उदयास आले. उच्च शिक्षण, विज्ञान व वैद्यक भारतीय भाषेतून शिकविता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. या दृष्टीने त्याचे महत्त्व मान्य केलेच पाहिजे. तथापि नांदेड, लातूर या मराठीबहुल भागातील विद्यार्थ्याला ती भाषा मायबोली नव्हती. परिभाषा घडली, पण ज्यांच्यासाठी ती घडली त्यांत या विद्यार्थ्याची गणना नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी शासनाने भाषा संचालनालय सुरू केले. पुढे 'पदनाम कोश' व विविध विषयांचे परिभाषाकोश निघाले. या वेळी भाषा मराठीच होती. मात्र शब्द समितीत ठरत आणि कार्यालयात उतरत. कार्यालयात 'नस्ती' रुळली, लोकांच्या तोंडी 'फाइल' राहिली. शब्द वापरणाऱ्यांचा शब्द घडविण्याशी संबंध नसला की काय होते, याचे हे लहानसे उदाहरण होय.

मुक्त प्रणालीचा उदय

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. १९९३ मध्ये डेबियन, १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम या प्रकल्पांना प्रारंभ झाला. शेवटच्या दोन प्रकल्पांनी सामान्य वापरकर्त्याला खिडक्या, चित्रे व यादीपट्टी असलेला 'डेस्कटॉप' दिला. या प्रणालींचा स्रोत खुला असल्याने त्यांचे भाषांतर करण्यास कोणा कंपनीच्या परवानगीची वा बाजारपेठेच्या हिशेबाची आवश्यकता नव्हती. 'या भाषेत ग्राहक किती?' हा प्रश्न येथे मागे पडतो. 'काम करणारे किती?' हा प्रश्न पुढे येतो.

महाराष्ट्रात या कार्याची सुरुवात मुंबई व पुणे येथे झाली. २००० च्या सुमारास व्यंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांनी मुंबईत 'इंडलिनक्स' हा उपक्रम सुरू केला. वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. जितेंद्र शहा यांच्या पुढाकाराने 'इंडिकट्रान्स' गटाने मुक्त टंक व भाषांतर यांवर काम केले. पुण्यात रेड हॅट कंपनीच्या भाषाविषयक गटाने भारतीय भाषांची बाजू सांभाळली व २००४ मध्ये 'लोहित' हे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले. २००७ मध्ये सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारित 'बॉस' ही प्रणाली प्रसिद्ध केली.

लिपीचा प्रश्न

भाषांतरापूर्वी लिपी पडद्यावर नीट उमटणे आवश्यक होते. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी टंकाची स्वतंत्र संकेतपद्धती असे. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडताच निरर्थक चिन्हांची माळ दिसे. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेल्या इस्की संकेतप्रणालीने आणि इनस्क्रिप्ट कळपाटाने एकसूत्रतेचा पाया घातला. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या, १९८८ मधील आवृत्तीवर आधारलेली आहे. २००२ मध्ये आलेल्या ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीत 'पँगो' या ग्रंथालयामुळे जोडाक्षरांची जुळणी शक्य झाली.

तरीही मराठीचे काही प्रश्न हिंदीहून वेगळे होते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या शब्दांत विद्वान आणि स्वयंपाकी इतका फरक आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगरातील खोलगट भाग इतका. हा फरक केवळ रफार व अर्धा 'र' यांच्या लेखनावर अवलंबून असतो. तसेच 'ॲ' या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. 'ल' व 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून भिन्न असली तरी त्यांचे संकेत एकच आहेत. हा भेद टंकाच्या रचनेतूनच सांभाळावा लागतो. असे दोष मराठी वाचणाऱ्याच्याच नजरेस प्रथम येतात. म्हणून दोष नोंदविणे हेही योगदानच ठरते आणि त्यास आज्ञावली लिहिण्याचे ज्ञान लागत नाही.

भाषांतराची कार्यपद्धती

प्रणालीतील सर्व इंग्रजी वाक्ये 'पीओ' नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत एकत्र केलेली असतात. प्रत्येक मूळ वाक्याखाली मराठी वाक्य लिहावयाचे असते. नवख्याचे भाषांतर अनुभवी परीक्षक तपासतो आणि त्यानंतर ते मूळ संग्रहात दाखल होते. विद्वत्-नियतकालिकांतील समीक्षणपद्धतीशी हे साम्य लक्षणीय आहे.

अडचणी मात्र अस्सल मराठी आहेत. मूळ वाक्यात फाइलीच्या वा फोल्डरच्या नावासाठी रिकामी जागा सोडलेली असते. त्या जागी स्त्रीलिंगी शब्द येईल की पुल्लिंगी, हे भाषांतरकाराला ठाऊक नसते. त्यामुळे 'काढला', 'काढली' असा कोणताही एक पर्याय चुकू शकतो. येथे वाक्यरचनाच बदलावी लागते. शब्दनिवडही सोपी नाही. जतन करा, साठवा की सुरक्षित करा? 'नकल' हा शब्द मराठवाड्यात सातबाराच्या संदर्भात सर्वपरिचित आहे; पण इतरत्र तो विडंबनाचा अर्थ देतो. 'कॉपी' म्हणावे तर, ज्या नांदेड जिल्ह्याने २०१० च्या सुमारास कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम पाहिली, तेथील विद्यार्थ्याला त्या शब्दाचा वेगळाच अर्थ आधी आठवतो. एकाच आज्ञेला निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे शब्द येऊ नयेत, यासाठी २००८ मध्ये 'फ्युएल' हा उपक्रम सुरू झाला. त्यात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करून भाषांतरकार व भाषाभ्यासक यांनी खुल्या चर्चेने पर्याय ठरविण्याची पद्धत स्वीकारली गेली. समितीकडून समुदायाकडे झालेले हे स्थित्यंतर परिभाषेच्या इतिहासात महत्त्वाचे मानावे लागेल.

इतिहास-अभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक बाब उल्लेखनीय आहे. पीओ फाइलीच्या शीर्षभागात भाषांतरकारांची नावे व वर्षे नोंदविण्याचा प्रघात असून प्रत्येक बदलाची तारीख संग्रहात राहते. एखादा शब्द केव्हा आला, केव्हा बदलला आणि कोणी बदलला, हे तपासता येते. कोशसमित्यांच्या बैठकांतील वादांचा असा तपशीलवार दस्तऐवज सहसा हाती लागत नाही. मराठी विभागांना संशोधनासाठी हे अस्पर्शित साधन होय.

मराठवाड्यातील महाविद्यालये

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे झाली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगाव संगणक साक्षरता पोहोचविली. परंतु त्यातून विद्यार्थ्याचा परिचय प्रामुख्याने व्यापारी प्रणालीशी झाला. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातून मुक्त प्रणालींचे मराठी पाठ उपलब्ध करून दिले. तरीही वापरणे आणि घडविणे यांत अंतर राहतेच. गुणांच्या शर्यतीसाठी ख्यात असलेल्या 'लातूर पॅटर्न'च्या परिसरात, ज्या कामास गुण नाहीत त्याकडे विद्यार्थी वळत नाही, हे वास्तव आहे.

या स्थितीत बदल करण्यास नव्या शैक्षणिक धोरणातील क्षेत्रप्रकल्प व समाजसहभाग यांची श्रेयांक-तरतूद उपयुक्त ठरू शकते. प्रारंभ साधा असावा. प्रयोगशाळेतील एका संगणकाची भाषा मराठी करावी. विद्यार्थ्यांनी आठवडाभर तो वापरून चुकीचे, अनाकलनीय व अभाषांतरित शब्द नोंदवावेत. विद्यमान शब्दावली वाचावी. मग एखाद्या लहान उपयोजनाची, उदाहरणार्थ गणकयंत्राची, फाइल हाती घ्यावी. मराठी विभागाने भाषा तपासावी, संगणक विभागाने प्रत्यक्ष पडद्यावर चाचणी घ्यावी. पन्नास वाक्यांचे निर्दोष काम हे हजार वाक्यांच्या यांत्रिक भाषांतरापेक्षा अधिक मोलाचे असते. कारण सदोष भाषांतराचा भार अखेर परीक्षकावरच पडतो.

येथे सातत्याचा मुद्दा निर्णायक आहे. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते व तिच्यासोबत नवी वाक्ये येतात. काम थांबले की जुने भाषांतर जागेवर राहत नाही. ते हळूहळू अपुरे होत जाते. मराठीचा भार मोजक्या व्यक्तींवर राहिला, तर त्या व्यक्ती निवृत्त होताच पडदा पुन्हा इंग्रजी होतो. दरवर्षी नवे विद्यार्थी येणारी महाविद्यालये हे सातत्य राखू शकतात.

निष्कर्ष

मराठवाड्याच्या इतिहासात परिभाषा प्रथम दरबारातून आली, नंतर शासनाकडून आली. मुक्त प्रणालीने ती घडविण्याचा अधिकार प्रथमच वापरणाऱ्याच्या हाती दिला आहे. तो अधिकार कोणी नाकारलेला नाही. तो न वापरल्यानेच निष्फळ ठरू शकतो. सीमावर्ती नांदेडच्या आणि लातूरच्या बोलींतील नेमके शब्द संगणकाच्या मराठीत यावेत की नाही, याचा निर्णय पुण्या-मुंबईने घ्यावा असे कोठेही ठरलेले नाही. जे भाषांतरास बसतील, तेच तो घेतील.