पागडी ते ओनरशिप : मुंबईतल्या घराची गोष्ट

मुंबईत घर शोधणाऱ्याला आम्ही दलाल मंडळी दोन प्रश्न विचारतो : बजेट किती आणि घर कुठे हवं? घरमालक आणि सोसायटी मात्र तिसराच प्रश्न विचारतात : पार्टी कोण आहे? या तिसऱ्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो पाहिल्याशिवाय आपल्या वस्त्या अशा का झाल्या, हे कळत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीवर खापर फुटलं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुनी घरं पाडली, रुंद रस्ते काढले. महंमद अली रोड त्याच योजनांतून निघाला. कामगारांसाठी १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी भागांत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली मिळायची ती ओळखीवर. कोकणातून आगबोटीने आलेला आपला माणूस भाऊच्या धक्क्यावर उतरे आणि गावाच्या जमातीच्या खोलीवर वळकटी टाके. गिरणगावातही हीच रीत होती. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. म्हणजे आपापल्या माणसांत राहण्याची ओढ कुणा एका समाजाची नव्हती.

पुढे १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाला इमारतीत रस उरला नाही. मग पागडी आली. जुना भाडेकरू खोली सोडताना रक्कम घेई, मालक त्यात आपला हिस्सा घेऊन नव्या नावाची भाडेपावती फाडे. हा सारा व्यवहार कायद्याबाहेरचा होता. दलालाचा शब्द हाच कागद. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या कायद्याने, ३१ मार्च २००० पासून. तोवर डोंगरी, भेंडीबाजार, मदनपुऱ्यात भाडं नाममात्र आणि जिना टेकूवर, अशी अवस्था होऊन बसली होती.

दरम्यान १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला. घर नावावर होऊ लागलं, पण शेजारी कोण येणार यात सोसायटीच्या कमिटीचा शब्द चालू लागला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर त्याचा खरा अर्थ समजला. मिश्र वस्तीतली कुटुंबं मिळेल त्या भावाने फ्लॅट विकून मुंब्रा, मीरा रोड, कुर्ल्याकडे निघाली. घाईने विकणाऱ्याला भाव कमी मिळतो आणि एकाच ठिकाणी सगळे घ्यायला निघाले की तिथला भाव चढतो. आपल्या लोकांनी दोन्हीकडून मार खाल्ला. बाजारात भीतीचाही भाव असतो, तो असा.

मागणी मोठी आणि पर्याय थोडे, तिथे कागद कोण बघतो? मुंब्र्याजवळ शीळफाटा इथे ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली.

कायद्याचीही दोन तोंडं आहेत. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. पण महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचं कलम २३ सांगतं की, पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर निबंधकाकडे अपील करता येतं. अडचण एवढीच की नकार कधी कागदावर येत नाही. ‘फ्लॅट गेला’, ‘मालकाचा विचार बदलला’, एवढं ऐकवलं की विषय संपतो. भाड्याच्या घरात तर तोही सोपस्कार नसतो.

१ मे २०१७ पासून महारेरा आहे. प्रकल्पाची नोंद होते, आमचीही होते. कार्पेट एरिया, ताब्याची तारीख सारं लिहावं लागतं. तिसऱ्या प्रश्नाला मात्र तिथे रकाना नाही.

म्हणून गिऱ्हाइकाला आम्ही दोनच गोष्टी सांगतो. टोकन देण्याआधी, बिल्डर आपल्या बिरादरीचा असला तरी, भोगवटा प्रमाणपत्र मागा. आणि सोसायटीने सभासदत्व नाकारलं तर तो नकार लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणं कठीण जातं आणि आपल्या शंभर वर्षांतले बहुतेक नकार तोंडीच राहिले.