जोशुआ ट्रीमधल्या जुन्या वाटा

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कला वर्षाकाठी सुमारे 30 लाख लोक येतात. बहुतेक जण थंडीत किंवा वसंतात येतात, कारण उन्हाळ्यात इथे दुपारी चालणं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी लावायची, पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायच्या आणि पाटी दाखवेल त्या वाटेला लागायचं. पाट्या इतक्या नेटक्या आहेत की या वाटा पर्यटकांसाठीच आखल्या असाव्यात असं वाटतं. पण यातल्या नावाजलेल्या वाटा पार्कपेक्षा जुन्या आहेत. कोणी त्या गुरांसाठी पाडल्या, कोणी सोन्यासाठी, आणि निदान एका रस्त्यापायी माणूस मारला गेला.

आधी दगडांविषयी. हंपीला जाऊन आलेल्या माणसाला हे एकावर एक रचलेले गोलसर धोंडे ओळखीचे वाटतील, आणि दोन्हीकडची घडणही बरीचशी सारखीच आहे. इथे सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीखालीच थिजून ग्रॅनाइटच्या जातीचा खडक तयार झाला. त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. त्या काळी हवा आजच्यापेक्षा दमट होती. भेगांत मुरलेल्या पाण्याने खडकाचे कोपरे झिजवले, वरची माती वाहून गेली आणि गोल झालेले दगड उघडे पडले.

या दगडांच्या आडोशाने सेरानो, कावियासारखे आदिवासी समाज राहत. पिन्यन पाइनच्या बिया कुटण्यासाठी त्यांनी वापरलेली खडकातली उखळं अजून दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरं घेऊन गोरे आले. पाण्याचे झरे एकेक करून त्यांच्या ताब्यात गेले आणि मूळ माणसांना हलावं लागलं. वाळवंटात झरा ज्याच्या हाती, मुलूख त्याचा.

हिडन व्हॅली ही चहूबाजूंनी दगडांनी वेढलेली जागा. मॅकहेनी बंधूंची टोळी चोरलेली गुरं इथे दडवत असे, असं सांगतात. ही दंतकथा असेलही, पण जागा पाहिल्यावर ती खोटी वाटत नाही. आज तिथे दीडेक किलोमीटरची फेरी आहे आणि भोवतालच्या कड्यांवर दोर लावलेले गिर्यारोहक. योसेमिटी बर्फाखाली जाई तेव्हा कॅलिफोर्नियातले आरोहक सरावाला इकडे येऊ लागले, आणि पुढे हे ठिकाण स्वतःच्याच जोरावर नावारूपाला आलं.

सोन्याची वाट म्हणजे लॉस्ट हॉर्स खाणीची, जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटरच्या आसपास. 1894 ते 1931 या काळात या खाणीतून 10,000 औंसांहून अधिक, म्हणजे 300 किलोच्या वर सोनं निघालं. वाळवंटातल्या बहुतेक खाणी मालकाला बुडवायच्या, ही अपवाद. खनिज फोडायला वाफेवर चालणारी लोखंडी मुसळं होती. इंजिनाचं पाणी नळाने साडेपाच किलोमीटरवरून यायचं आणि जळणासाठी आसपासची झाडं तुटत गेली.

खाणीतला एक भागीदार जॉनी लँग. दिवसपाळीला सोन्याचा गोळा मोठा निघे आणि लँगच्या रात्रपाळीला लहान. कारण उघड होतं. चोरी पकडली गेल्यावर त्याला हिस्सा विकावा लागला. लपवलेलं सोनं हुडकायला तो पुढे याच भागात घुटमळत राहिला, असं म्हणतात. 1925 मध्ये त्याचा मृतदेह सापडला. ज्याला सापडला त्यानेच तो रस्त्याकडेला पुरला. त्या माणसाचं नाव बिल कीज.

या मुलखाचा खरा नायक हा कीज. 1910 मध्ये तो डेझर्ट क्वीन खाणीवर कामाला आला, थकलेल्या पगाराबदली खाणच त्याच्या पदरात पडली आणि शेजारी त्याने 160 एकरांवर बिऱ्हाड मांडलं. 1918 मध्ये लग्न केलं. सात मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. बंद पडलेल्या खाणींतलं सामान तो उचलून आणी आणि नव्याने कामाला लावी. वॉल स्ट्रीट मिल या त्याच्या गिरणीत आसपासचे खाणवाले खनिज फोडून घेत.

गिरणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरूनच भांडण पेटलं. शेजारी वर्थ बॅगली हा पूर्वीचा पोलीस अधिकारी, आणि रस्ता आपल्या जमिनीतून जातो हे त्याचं म्हणणं. 11 मे 1943 रोजी दोघे समोरासमोर आले आणि बॅगली मेला. आपण जीव वाचवायला गोळी झाडली, असं कीज म्हणाला. ज्यूरीला ते पटलं नाही. पाचेक वर्षं तो तुरुंगात होता. पेरी मेसनच्या रहस्यकथांचे लेखक अर्ल स्टॅनली गार्डनर यांनी त्याचं प्रकरण हाती घेतलं आणि 1956 मध्ये त्याला माफी मिळाली. ज्या ठिकाणी बॅगली पडला तिथे कीजने दगडावर स्वतःच्या नावासकट ती हकिगत कोरली. पश्चात्तापाचा त्यात लवलेश नाही. गिरणीच्या वाटेने चालणारे आज त्या जागेवरूनच जातात.

तुरुंगातून सुटल्यावर कीजने बार्कर बांधाची उंची वाढवली. गुरांच्या पाण्यासाठी बार्कर नावाच्या पशुपालकाने 1900 च्या सुमारास घातलेला हा बांध. 1949-50 मध्ये कीज कुटुंबाने तो वर उचलला आणि त्यावर आपली नावं कोरली. गुरं गेली, पण पाऊस झाला की तिथे पाणी साचतं आणि जंगली मेंढ्या प्यायला येतात.

कीज जिथे खपत होता तो मुलूख वाचवायची खटपट साउथ पॅसाडिनाच्या मिनर्व्हा हॉइट करत होत्या. 1920 च्या दशकात मोटारवाले निवडुंग उपटून बागांसाठी नेऊ लागले, तेव्हा या श्रीमंत विधवेने न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये वाळवंटी वनस्पतींची प्रदर्शनं भरवली आणि सरकारमागे तगादा लावला. 10 ऑगस्ट 1936 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सव्वाआठ लाख एकरांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. खाणवाल्यांनीही हार मानली नाही. 1950 मध्ये जवळपास तिसरा हिस्सा स्मारकातून वगळला गेला. त्यातला बराचसा परत आला तो 1994 च्या कायद्याने, आणि त्याच कायद्याने स्मारकाचं नॅशनल पार्क झालं.

कीज 1969 मध्ये वारला. त्याचं घर, शाळेची खोली, अंगणातलं भंगार, सगळं जागच्या जागी आहे. तिथे मात्र मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही. तिकीट काढायचं आणि मार्गदर्शकाबरोबरच फिरायचं. रस्त्याच्या हक्कावरून गोळी झाडणाऱ्याच्या अंगणात आता परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, हे त्याला बहुधा पसंत पडलं असतं.