परवलीचे वाक्य आणि ते विचारणारी खिडकी

संगणक माणसाला परवलीचा शब्द विचारू लागला, त्यास आता साठ वर्षे उलटून गेली. गुप्त शब्द कसा निवडावा याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तो कोणी, कोठे आणि कोणत्या रीतीने विचारावा, या प्रश्नालाही स्वतंत्र इतिहास आहे. त्याचे टप्पे थोडक्यात मांडून मराठी लेखनाशी त्याचा संबंध कोठे पोचतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस ही प्रणाली प्रथम चालवून दाखविण्यात आली. एकच यंत्र अनेकजण वापरीत असल्यामुळे पुढे प्रत्येकास वेगळा परवलीचा शब्द देणे भाग पडले. टर्मिनल म्हणजे त्या काळी कागदावर छापणारे टंकयंत्रच होते. शब्द कागदावर उमटून राहू नये म्हणून तो टंकला जात असता शक्य तेथे छपाई बंद ठेवण्यात येई. लिहिणे आणि दिसणे यांची अशी फारकत झाली.

१९८२ साली सिग्मंड पोर्टर यांनी शब्दाऐवजी लांब वाक्य वापरण्याची कल्पना मांडली. १९९१ साली फिल झिमरमन यांच्या पीजीपीमुळे ती रूढ झाली. कचेरीतील परवलीचा शब्द विसरल्यास अधिकारी नवा देऊ शकतो. पीजीपीत मात्र खाजगी किल्लीवरील कुलूप त्या वाक्यापासूनच घडते. वाक्य हरवले आणि किल्लीची दुसरी प्रत नसली, तर तिच्यासाठी बंद केलेली पत्रे कायमची मुकी होतात.

यानंतरचा टप्पा म्हणजे विचारणे आणि काम करणे यांची फारकत होय. वेर्नर कोख यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ग्नूपीजीची २.० ही आवृत्ती २००६ साली निघाली. तीत किल्ल्यांचा पहारा ‘एजंट’ नामक प्रोग्रॅमकडे, आणि वाक्य विचारण्याचे काम ‘पिनएन्ट्री’ नामक अगदी लहान प्रोग्रॅमकडे सोपविलेले आढळते. पत्र वाचणारा मोठा प्रोग्रॅम सदोष असला, तरी वाक्य त्याच्या हाती पडत नाही. पिनएन्ट्री वाक्य ज्या स्मृतीत ठेवते ती तबकडीवर उतरू देत नाही, आणि शक्य तेथे कळफलक स्वतःपुरता धरून ठेवते. कारण जुन्या एक्स-विंडो पद्धतीत शेजारचा प्रोग्रॅमही कळा ऐकू शकतो.

पिनएन्ट्रीची रूपे अनेक आहेत: जीटीके, क्यूटी, अक्षरी पडद्यावरील कर्सेस, आणि केवळ ओळ विचारणारी टीटीवाय. एजंट मात्र सर्वांना त्याच आज्ञा देतो: हे वर्णन दाखवा, ही सूचना लिहा, वाक्य घ्या. व्याकरण एक आणि बोली अनेक, असा हा प्रकार आहे. कोणते रूप योजावयाचे ते एजंटाच्या मांडणीफायलीतील एका ओळीने ठरते. दूरच्या यंत्रावर काम करताना आपले टर्मिनल कोणते हे एजंटाला कळवावे लागते. एरवी प्रश्न जेथे कोणी बसलेले नाही अशा पडद्यावर विचारला जातो आणि काम अडते.

आता मराठीकडे वळू. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: ‘ऱ’, हलन्त, ‘य’, अथवा ‘र’, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, ‘य’. डोळ्यांना दोन्ही सारखीच. यंत्राला मात्र ती दोन भिन्न वाक्ये होत. कळफलक बदलला की एकाच्या जागी दुसरे येऊ शकते, आणि खिडकीत केवळ ठिपके दिसत असल्यामुळे चूक उमगत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ साली युनिकोड अक्षरांचे प्रमाणीकरण करावे, तसेच लिहिलेले दाखविण्याची सोय असावी, असे सुचविले. प्रमाणीकरणाने ‘र’ अधिक नुक्ता आणि ‘ऱ’ एक होतात. वरील दोन रूपे मात्र होत नाहीत.

तेव्हा मराठीत परवलीचे वाक्य योजणाऱ्याने असली जोडाक्षरे टाळणे, आणि किल्लीची प्रत सुरक्षित ठेवण्यापूर्वी तेच वाक्य दुसऱ्या कळफलकावरून टंकून पाहणे इष्ट होय. ही खिडकी घडविणाऱ्यांपुढे मात्र एक प्रश्न उरतो. एक कळ म्हणजे एक अक्षर, हे रोमन लिपीचे गृहीत तिच्यात आजही दडलेले आहे. ते दूर करण्याच्या कामी लिपीच्या अभ्यासकांनी साह्य केले पाहिजे.