निनावी हात आणि यंत्राचा हात

यंत्रमानवी शस्त्रक्रियेची चर्चा निघाली की नुसत्या हाताने केलेली शस्त्रक्रिया म्हणजे ढोबळ, मागासलेली असे आपण धरून चालतो. पुण्याजवळ १७९३ मध्ये झालेली एक शस्त्रक्रिया हा समज तपासायला लावते.

इंग्रजी फौजेचा बैलगाडीवान कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याने आकार घेतला, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांमधली पट्टी मात्र राखली, कारण रक्तपुरवठा तिच्यातूनच होणार होता. कातडी वळवून खाली आणली आणि टाके न घालता, काताच्या लेपाने बसवली. सुमारे २५ दिवसांनी ती पट्टी कापली.

मुंबईचे डॉक्टर क्रुसो आणि फिंडले यांनी हे पाहिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने हकीकत छापली. पुढे जोसेफ कार्प्यूने शवांवर सराव करून १८१४ मध्ये लंडनमध्ये याच पद्धतीने नाक बसवले. छापील हकीकतीत रुग्णाचे नाव आहे, साक्षीदारांची आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाही.

अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळालेले ‘दा विंची’ यंत्रही स्वतःहून कापत नाही. शल्यविशारद बाजूला बसून हात हलवतो; यंत्र ती हालचाल बारीक करते, थरथर गाळते आणि मनगटासारख्या वळणाऱ्या अवजारांनी पोटात पोचवते. मात्र सुरुवातीच्या यंत्रांत बोटांना स्पर्श कळत नसे. काय कापायचे, काय राखायचे, हा निर्णय तेव्हाही माणसाचा होता, आजही आहे.

७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉक्टरांनी फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमधल्या रुग्णाचे पित्ताशय यंत्राद्वारे काढले. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या संग्रामपूरसारख्या तालुक्याला ही बातमी मोठा दिलासा वाटेल. पण तेव्हा रुग्णाच्या उशाशीही डॉक्टरांचे पथक सज्ज होते. भूल देणारा, गरज पडल्यास पोट उघडणारा माणूस जवळ नसेल, तर दूरचा हात पोचूनही उपयोग नाही. म्हणून तालुक्याने यंत्र मागताना ही माणसेही मागितली पाहिजेत, आणि यंत्राचे कौतुक छापताना त्यांची नावेही छापली पाहिजेत.