दोन ठिणग्या, एक तहान

माझदाच्या 12ए या रोटरी इंजिनाच्या पुढच्या पुलीवर दोन बारीक खुणा असतात, एक पिवळी आणि एक लाल. टायमिंग लाइटची चिमटी ‘लीडिंग’ प्लगच्या वायरला लावली की पिवळी खूण कव्हरवरच्या पिनेसमोर स्थिर दिसायला हवी. तीच चिमटी ‘ट्रेलिंग’ प्लगच्या वायरला लावली की पिनेसमोर लाल खूण यायला हवी. 1978 साली बाजारात आलेल्या आरएक्स-7 या स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या इंजिनांत पिवळी खूण शून्य अंशावर होती आणि लाल खूण तिच्यामागे वीस अंशांवर. म्हणजे एकाच कप्प्यातल्या एकाच मिश्रणाला दोनदा काडी लावायची, आणि दुसरी काडी मुद्दाम उशिरा. याच इंजिनाबद्दल दुसरा धडा दिला जातो तो मिश्रणाचा: रोटरीला पेट्रोल सढळ हाताने द्या, मिश्रण पातळ केले की इंजिन गेलेच म्हणून समजा. रोटरी इंजिन ट्यून करायला शिकणाऱ्याला हे दोन्ही नियम एका दमात सांगितले जातात आणि दोन्ही रोटरीच्या स्वभावातच आहेत, असे मानले जाते. माझे म्हणणे असे की त्यांची कुळे वेगळी आहेत. ठिणग्यांमधले अंतर इंजिनाच्या आकारातून जन्माला आले. पेट्रोलची तहान मोठ्या प्रमाणात एका विशिष्ट दशकातल्या कायद्याने लावली.

आधी ठिणग्या. फेलिक्स व्हँकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत 1957 साली फिरले. त्यात आतला रोटर आणि बाहेरचे घर अशी दोन्ही अंगे फिरत. पुढच्याच वर्षी हान्स डीटर पाश्के यांनी घर स्थिर ठेवून फक्त रोटर फिरवणारी रचना चालवून दाखवली आणि आजवरच्या सगळ्या रोटरी गाड्या तिच्याच वंशातल्या आहेत. या रचनेत पिस्टनच्या इंजिनासारखी जळण्याची जागा एका ठिकाणी नसते. तिकोनी रोटरची एक बाजू आणि घराची भिंत यांमधला कप्पा लांब, चपटा असतो आणि तो सतत पुढे सरकत राहतो. घराचा आकार मध्ये कमरेसारखा आवळलेला असल्यामुळे, मिश्रण सर्वांत जास्त दाबले जाते नेमक्या त्याच क्षणी कप्प्याची पुढची आणि मागची अशी दोन अंगे पडतात. रोटरमधल्या उथळ खळग्यातून काय तो त्यांचा संबंध उरतो. रोटर पुढे जातो तसा वायू मागच्या अंगातून पुढच्या अंगात जोराने ढकलला जातो. पुढच्या, म्हणजे लीडिंग, प्लगने पेटवलेली ज्योत या झोताबरोबर झपाट्याने पुढे जाते, पण झोताविरुद्ध मागे जाऊन तिथले मिश्रण पेटवणे तिला जमत नाही. ते तसेच राहिले तर न जळता बाहेर पडते. मागच्या, म्हणजे ट्रेलिंग, प्लगचे काम हे उरलेले पेटवण्याचे. दोन्ही ठिणग्या एकदम पडल्या तर दाब फार झपाट्याने चढतो, इंजिन खडबडीत चालते आणि नॉकिंगला वाट मिळते, म्हणून मागची थोडी उशिरा. मागच्या प्लगचे भोकही लहान ठेवावे लागते, कारण रोटरच्या टोकावरची सील त्यावरून सरकताना शेजारच्या दोन कप्प्यांतल्या दाबात बराच फरक असतो आणि भोक मोठे असेल तर त्यातूनच गळती होते.

यावर आक्षेप येतो तो असा, की दोन प्लग ही काही रोटरीची मिरास नाही. विमानांच्या पिस्टन इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग कधीपासून आहेत. खरे आहे, पण तिथे मुख्य हेतू सुरक्षिततेचा: एक ठिणगी बंद पडली तरी विमान हवेत राहावे. रोटरीतली दुसरी ठिणगी राखीव ठेवलेली नाही, तिला रोजचे काम आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एनएसयूच्या 1964 च्या स्पायडरमध्ये, म्हणजे विकल्या गेलेल्या पहिल्या रोटरी गाडीत, रोटरला एकच प्लग होता. 1967 ची आरओ 80 दोन प्लगांनी सुरू झाली आणि काही वर्षांत अधिक ताकदीच्या इग्निशनसह एका प्लगवर आली. म्हणजे एका ठिणगीवर रोटरी चालते. पण प्रश्न नुसते चालण्याचा नाही, मिश्रण किती पूर्ण जळते याचा आहे. त्याच 1967 सालच्या मे महिन्यात हिरोशिमाच्या माझदाने कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. केनिची यामामोतो यांच्या चमूने तिच्या 10ए इंजिनाला प्रत्येक रोटरमागे दोन प्लग दिले आणि ही प्रथा माझदाने पुढे अनेक दशके चालू ठेवली. उलट 1991 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या 787बी गाडीच्या चार रोटरांच्या इंजिनात प्रत्येक रोटरला तीन प्लग होते. शर्यतीच्या गाडीत कोणी हौसेखातर वजन आणि वायरी वाढवत नाही. कप्प्याच्या मागच्या टोकाला न जळलेले मिश्रण उरत होते, म्हणून तिसरी ठिणगी आली.

आता तहान. रोटरीच्या धुरात न जळलेले हायड्रोकार्बन जास्त असतात, कारण चपट्या कप्प्याच्या थंड भिंतींजवळ आणि सीलच्या फटींत ज्योत विझते. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र कमी असतात. 1970 साली अमेरिकेने हवा शुद्ध राखण्याचा कायदा कडक केला, तेव्हा हायड्रोकार्बनची बाजू माझदाला फार अडचणीची ठरली, कारण त्याच सुमारास ती तिथे रोटरी गाड्या विकू लागली होती. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे थर्मल रिअॅक्टर: एक्झॉस्टच्या तोंडाशीच एक जाड भट्टी, तिच्यात पंपाने बाहेरची हवा सोडायची आणि उरलेले इंधन तिथे जाळून टाकायचे. पण भट्टी पेटती राहायची तर तिला जळण हवे. ते देण्यासाठी मिश्रण मुद्दाम घट्ट ठेवले गेले. धुराच्या परीक्षेत ही युक्ती उत्तीर्ण झाली. 1975 साठी ठरवलेल्या मर्यादा माझदाने 1973 सालीच पाळून दाखवल्या. त्याच वर्षाच्या शेवटी तेलसंकट कोसळले आणि अमेरिकी सरकारी चाचणीत लिटरमागे जेमतेम साडेचार किलोमीटरचा आकडा माझदाच्या रोटरी गाडीच्या माथी बसला. रोटरी म्हणजे पेट्रोल पिणारे इंजिन ही ओळख त्या दिवसांतली आहे. अमेरिकेत 1981 च्या आरएक्स-7 मध्ये भट्टी गेली आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला जळणाचा रतीब नको होता, त्यामुळे त्याच 12ए इंजिनाला बरेच पातळ मिश्रण देता आले. तहान इंजिनाच्या हाडीमाशी असती तर केवळ एक्झॉस्ट बदलून ती कमी झाली नसती.

इथे मलाही थोडे मागे यावे लागते, कारण दोन कुळांत सोयरीक झालेली आहे. ट्रेलिंग ठिणगी जितकी उशिरा, तितका तिने पेटवलेला भाग जास्त उष्णता घेऊन एक्झॉस्टमध्ये जातो आणि भट्टीला ते हवेच होते. म्हणजे अंतर असणे ही आकाराची गरज असली, तरी संथ फिरणाऱ्या इंजिनात ते पुरते वीस अंश असण्यामागे कायद्याचाही हात दिसतो. तहानही सगळीच कायद्याची नाही. भिंतींशी विझणारी ज्योत कुठल्याही कार्ब्युरेटरने सुधारत नाही. घराच्या कडेला असलेले एक्झॉस्टचे तोंड उघडे असतानाच इनटेकचे तोंड उघडू लागते, जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिन संथ फिरताना मिसफायर टाळायला पेट्रोल थोडे वाढवावे लागते. 2003 च्या आरएक्स-8 मध्ये एक्झॉस्टची तोंडे बाजूच्या भिंतींत नेली आणि ही भेसळ थांबवली, तेव्हा त्या इंजिनाला पातळ मिश्रणावरही नीट चालता आले. राहिली टर्बोची गोष्ट. माझदाच्या टर्बो लावलेल्या 13बी या रोटरी इंजिनाला पूर्ण जोरात अकराला एक इतके घट्ट मिश्रण देतात, हे मी नाकारत नाही. नॉकिंगचा एक तडाखा टोकावरची सील फोडू शकतो आणि जादा पेट्रोल कप्पा थंड ठेवते. पण पूर्ण जोरातल्या टर्बो पिस्टन इंजिनालाही मिश्रण घट्टच देतात. तो विमा जोराच्या क्षणांपुरता आहे. सरळ रस्त्यावर एका गतीने जाणाऱ्या गाडीला तो नियम लावणे म्हणजे नुसते पेट्रोल जाळणे.

म्हणून जुनी रोटरी हातात आली तर कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी गाडीखाली वाकून एक्झॉस्ट पाहा. तिथे भट्टी असेल तर त्या काळच्या पुस्तकातले आकडे पाळा, कारण पुलीवरच्या खुणा आणि जेट तिच्याच हिशोबाने ठरवले होते. भट्टी केव्हाच काढून साधा पाइप बसवला असेल, तर ते घट्ट मिश्रण आता कोणाच्याच कामाचे नाही. आधी कॉम्प्रेशन तपासा, लीडिंग बसवा, मग ट्रेलिंग तिच्यामागे ठेवून द्या, आणि त्यानंतर पेट्रोल न घाबरता, टप्प्याटप्प्याने कमी करा.