काटा, फोन आणि पलीकडचा माणूस

दूर असलेल्या माणसाच्या हृदयावर लक्ष ठेवता येईल का, हा प्रश्न आपल्या स्मार्टफोनपेक्षा कितीतरी जुना आहे. हॉलंडमधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोव्हेन यांनी ईसीजीचं यंत्र तयार केलं, पण ते इतकं अवजड होतं की रुग्णालयात नेणं अशक्यच. मग १९०५ साली त्यांनी उलटा विचार केला. रुग्ण रुग्णालयातच राहिला आणि त्याच्या हृदयाचे विद्युतसंकेत टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूर प्रयोगशाळेत पोचले.

आता तुमच्या-माझ्या काळजीच्या आजाराकडे येऊ या. ‘हार्ट फेल्युअर’ म्हटलं की छातीत धस्स होतं, पण त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. पंप अशक्त झालेला असतो. त्यामुळे शरीरात पाणी आणि मीठ साठतं, पायांवर सूज येते, आडवं झालं की दम लागतो. हे सहसा एका रात्रीत होत नाही. बऱ्याच रुग्णांचं वजन रुग्णालयात भरती होण्याच्या आठवडाभर आधीपासूनच वाढू लागतं, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००७ साली दिसलं. म्हणजे घरातला साधा वजनकाटाही धोक्याची सूचना देऊ शकतो, तीही आठवडाभर आधी!

पण ती सूचना ऐकायची कोणी? पुढचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो.

१९९५ साली सेंट लुईसमध्ये डॉ. मायकेल रिच यांच्या गटाने सत्तरीच्या पुढच्या २८२ रुग्णांवर एक प्रयोग केला. अर्ध्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना नर्सने आजार समजावून सांगितला, मीठ कमी कसं करायचं ते शिकवलं, औषधांचा गोंधळ निस्तरला आणि घरी गेल्यावर फोन व भेटी चालू ठेवल्या. तीन महिन्यांत या गटात हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले. नवं यंत्र एकही नव्हतं.

मग साहजिकच वाटलं, की नर्सऐवजी यंत्रानेच विचारपूस केली तर? २०१० साली त्याचं उत्तर आलं. अमेरिकेतल्या १६५३ रुग्णांपैकी अर्ध्यांना सांगितलं होतं, की रोज एका स्वयंचलित फोनसेवेला वजन आणि लक्षणं कळवा. ती माहिती पाहायला दवाखान्यातले लोकही होते. तरीही सहा महिन्यांनी दोन्ही गटांत काहीच फरक नव्हता. सुमारे १४ टक्के लोकांनी ती सेवा एकदाही वापरली नव्हती आणि शेवटी शेवटी आठवड्यातून तीनदा तरी वापरणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते. रोज तोच ध्वनिमुद्रित आवाज, तेच प्रश्न, माणूस कंटाळणारच.

जर्मनीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथल्या पहिल्या मोठ्या प्रयोगात, २०११ साली, ७१० रुग्णांपैकी सुमारे अर्ध्यांना चोवीस तास देखरेख मिळूनही त्यांच्यातलं मृत्यूंचं प्रमाण घटलं नाही. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी हार न मानता रुग्ण अधिक विचारपूर्वक निवडले: गेल्या वर्षभरात भरती व्हावं लागलेले. वजन, रक्तदाब, ईसीजी, ऑक्सिजन रोज केंद्रात पोचायचं. तिथले डॉक्टर आणि नर्स रात्रंदिवस हजर असत आणि रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून औषधं बदलत. १५७१ रुग्णांच्या या प्रयोगाचा निकाल २०१८ साली आला. वर्षाला दर शंभर रुग्णांमागे मृत्यू साधारण ११ वरून ८ वर आले.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासाठी यात एक सांगावा आहे. गावाकडच्या आईवडिलांसाठी आपण रक्तदाबाचं यंत्र पाठवतो, घड्याळ पाठवतो, आणि आकडे व्हॉट्सॲपवर आले की कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं. पण न्यू जर्सीत मध्यरात्री आलेला आकडा सकाळी पाहून काय उपयोग?

तेव्हा पुढच्या वेळी नवं उपकरण मागवण्याआधी तीन गोष्टी ठरवा. किती वजन वाढलं की कळवायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त, ही मर्यादा बरेचदा सांगितली जाते. कुणाला कळवायचं, त्याचं नाव आणि नंबर काट्याशेजारी चिकटवा. आणि दम लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जाईल असं जवळचं माणूस, शेजारी असो वा भाचा, आधीच बोलून ठेवा. लोणचं-पापड कमी करायला लावण्याचं कामही तुमच्यापेक्षा तेच माणूस चांगलं करील.

सव्वाशे वर्षांत तार लांबली, सातासमुद्रापार गेली. तिच्या दुसऱ्या टोकाला उठून दार ठोठावणारं कुणीतरी लागतं, ते अजून लागतंच.